गृहविनिमय (पर्यटन)

गृहविनिमय किंवा घरांची तात्पुरती अदलाबदल ही पर्यटनकाळातील निवासाची एक पद्धत आहे. या पद्धतीत दोन कुटुंबे परस्परसंमतीने, ठरावीक मुदतीसाठी व भाडे न आकारता एकमेकांच्या राहत्या घरांचा वापर करतात. इंग्रजीतून आलेले 'होम एक्स्चेंज' व 'होम स्वॅप' हे शब्दही मराठीत याच अर्थाने रूढ आहेत. परदेश प्रवासातील निवासखर्च टाळणे हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय. त्याखेरीज परक्या गावात काही दिवस तेथील रहिवाशाप्रमाणे राहता येणे आणि आपले घर बंद न राहणे हेही तिचे लाभ मानले जातात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप व अमेरिकेत संघटित स्वरूपात सुरू झाली. भारतात तिचा प्रसार मर्यादित असून व्हिसाचे नियम, परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे करावयाची नोंद आणि घराविषयीच्या सांस्कृतिक धारणा ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत.

व्याप्ती

गृहविनिमयात पैशाचा व्यवहार नसतो. त्यामुळे तो भाड्याने घेतलेल्या सुट्टीच्या घरापेक्षा, 'एअरबीएनबी'सारख्या सशुल्क सेवेपेक्षा आणि पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेपेक्षा वेगळा ठरतो. यजमान स्वतः घरी असताना पाहुण्याला ठेवून घेतो, तेव्हा त्यास आतिथ्यविनिमय म्हणतात. १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली 'सर्व्हास' ही संघटना आणि २००४ साली सुरू झालेली 'काऊचसर्फिंग' ही सेवा त्याची उदाहरणे होत. मालकाच्या अनुपस्थितीत घर व पाळीव प्राणी सांभाळण्याच्या बदल्यात मोफत राहणे यास गृहराखण म्हणता येईल.

'टाइमशेअर' योजनेत सभासद एखाद्या विश्रामस्थानातील ठरावीक दिवसांचा हक्क विकत घेतो व तो हक्क दुसऱ्या ठिकाणच्या हक्काशी बदलू शकतो. अशा विनिमयासाठी १९७४ साली अमेरिकेत 'आरसीआय' ही कंपनी स्थापन झाली. भारतात १९९६ पासून 'महिंद्रा हॉलिडेज'मुळे ही कल्पना मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली. तथापि, टाइमशेअरमध्ये राहते घर गुंतलेले नसते.

घरांची कायमची अदलाबदल हा पूर्णतः निराळा विषय आहे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक घरांच्या भाडेकरूंना १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याने परस्परांची घरे बदलण्याचा हक्क दिला आहे. क्यूबामध्ये २०११ साली घरांच्या खरेदी-विक्रीस परवानगी मिळेपर्यंत 'पेर्मुता' या नावाने ओळखली जाणारी कायमची अदलाबदल हाच घर बदलण्याचा प्रमुख मार्ग होता.

इतिहास

संघटित गृहविनिमयाचा आरंभ १९५३ साली झाला. त्या वर्षी नेदरलँड्स व स्वित्झर्लंडमधील काही शिक्षकांनी 'इंटरव्हॅक' या जाळ्याचा पाया घातला. शिक्षकांना उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी मिळत असे, परंतु परदेशात हॉटेलमध्ये राहण्याइतके वेतन नसे. एकाच वेळी दोन्ही देशांतील शिक्षकांची घरे रिकामी राहत. या साध्या वस्तुस्थितीतून ही कल्पना निघाली. 'होमलिंक' ही संघटनाही आपला आरंभ १९५३ सालीच झाल्याचे सांगते. पहिली काही दशके सभासदांच्या घरांची माहिती छापील सूचीतून प्रसिद्ध होई व पुढील बोलणी टपालाने चालत. पत्रोत्तरास लागणाऱ्या काळामुळे एखादी अदलाबदल जुळण्यास कित्येक महिने जात. या काळात परस्परांचा परिचय मात्र चांगला होत असे.

१९९२ साली एड कुशिन्स यांनी कॅलिफोर्नियात 'होमएक्स्चेंज'ची स्थापना केली. इंटरनेटच्या प्रसारानंतर छापील सूचीची जागा संकेतस्थळाने घेतली. २०११ साली फ्रान्समध्ये 'गेस्टटूगेस्ट' व ब्रिटनमध्ये 'लव्ह होम स्वॅप' या सेवा सुरू झाल्या. 'गेस्टटूगेस्ट'ने २०१७ साली 'होमएक्स्चेंज' विकत घेतली व पुढे दोन्ही सेवा 'होमएक्स्चेंज' याच नावाखाली एकत्र करण्यात आल्या. 'लव्ह होम स्वॅप' २०१७ साली विंडहॅम या पर्यटन उद्योगसमूहाकडे गेली. २००६ साली प्रदर्शित झालेल्या नॅन्सी मायर्स दिग्दर्शित 'द हॉलिडे' या इंग्रजी चित्रपटात इंग्लंडमधील व लॉस एंजेलिसमधील दोन स्त्रिया नाताळात आपली घरे बदलतात. या चित्रपटामुळे ही पद्धत सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

प्रकार

एककालिक विनिमय: दोन्ही कुटुंबे एकाच काळात एकमेकांच्या घरी राहतात. हा मूळ प्रकार होय. दोघांच्याही सुट्ट्या एकाच वेळी असणे त्यासाठी आवश्यक असते.

भिन्नकालिक विनिमय: एक कुटुंब आज जाते, दुसरे काही महिन्यांनी येते. ज्यांचे दुसरे घर आहे, किंवा जे त्या काळात नातेवाइकांकडे राहू शकतात, त्यांना हा प्रकार सोयीचा पडतो.

गुणाधारित विनिमय: घर दिल्याबद्दल सभासदाच्या खात्यात गुण जमा होतात व ते अन्य कोणत्याही सभासदाच्या घरी राहण्यासाठी खर्च करता येतात. घराचे ठिकाण, झोपण्याची सोय व इतर सुविधा पाहून प्रत्येक रात्रीचे गुण ठरतात. या प्रकारात दोन कुटुंबांनी एकमेकांचीच गावे पसंत करण्याची गरज उरत नाही.

कार्यपद्धती

सभासद वार्षिक वर्गणी भरून घराची छायाचित्रे, खोल्यांची संख्या, परिसर व नियम यांची माहिती नोंदवतो. ओळखपत्राची व पत्त्याची पडताळणी केली जाते. पूर्वी राहून गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय हा विश्वासाचा मुख्य आधार असतो. नव्या सभासदाकडे असे अभिप्राय नसल्याने पहिली अदलाबदल जुळवणे सर्वांत कठीण जाते.

जुळणी झाल्यावर सामान्यतः लेखी करार होतो. त्यात मुदत, राहणाऱ्यांची संख्या, वीज-पाणी-इंटरनेटचा खर्च, मोडतोडीची भरपाई, वाहनाचा वापर आणि ऐनवेळी रद्द झाल्यास काय करावयाचे या बाबी असतात. वाहनही बदलावयाचे असल्यास विम्याच्या अटी पाहाव्या लागतात. भारतीय वाहनचालकाला परदेशासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची असते.

घर सोडण्यापूर्वी मालक पाहुण्यांसाठी घराची माहितीपुस्तिका तयार करतो. भारतीय घराच्या पुस्तिकेत नळाला पाणी येण्याची वेळ, टाकी व मोटार, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, गॅस सिलिंडर बदलण्याची रीत, गीझर, इन्व्हर्टर, घंटागाडीसाठी ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे, दूधवाला आणि घरकामास येणाऱ्या मावशींची वेळ यांचा समावेश करावा लागतो. उलटपक्षी, युरोप-अमेरिकेतील घरात प्रथमच राहणाऱ्या मराठी कुटुंबाला काही गोष्टी आधी माहीत असणे उपयोगाचे ठरते. तेथील स्नानगृहात बहुधा फरशीला पाणी वाहून जाण्याची सोय नसते. कचऱ्याचे वर्गीकरण अधिक काटेकोर असते. स्वयंपाकघराजवळील धूरसूचक यंत्र खमंग फोडणीनेही वाजू शकते.

खर्चाचे गणित

परदेश प्रवासाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. विमानभाडे, व्हिसाशुल्क व विमा यांचा मोठा वाटा एकदाच पडतो. निवास व भोजन यांचा खर्च दिवसांच्या प्रमाणात वाढतो. गृहविनिमयाने केवळ दुसऱ्या भागात बचत होते. उदाहरणादाखल, दोघांचे विमानभाडे, व्हिसा व विमा मिळून १,७५,००० रुपये आणि हॉटेलचा दर प्रतिदिन ९,००० रुपये धरला, तर सात रात्रींचा निवासखर्च ६३,००० रुपये, म्हणजे या दोन्हींच्या बेरजेच्या सुमारे २६ टक्के होतो. अठ्ठावीस रात्रींसाठी तो २,५२,००० रुपये, म्हणजे सुमारे ५९ टक्के होतो. त्यामुळे ही पद्धत आठवड्याच्या सहलीपेक्षा तीन-चार आठवड्यांच्या मुक्कामास अधिक उपयुक्त ठरते. स्वयंपाकघर उपलब्ध असल्याने भोजनखर्चही कमी होतो. शाकाहारी कुटुंबांना व पथ्य असलेल्या ज्येष्ठांना ही सोय पैशाइतकीच महत्त्वाची वाटते.

महाराष्ट्रातील परदेश पर्यटनावर सामूहिक सहलींची छाप आहे. १९८४ साली सुरू झालेली 'केसरी' व २०१३ साली सुरू झालेली 'वीणा वर्ल्ड' या संस्थांनी सोबत मराठी बोलणारा सहलप्रमुख, परिचित भोजन व ठरलेला कार्यक्रम देऊन प्रथमच परदेशी जाणाऱ्यांची भीती कमी केली. गृहविनिमयात हे सर्व प्रवाशाने स्वतः करावयाचे असते. अशा सहल-पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून उद्गम कर गोळा केला जातो. केवळ विमानाचे तिकीट काढल्यास ते पॅकेज मानले जात नाही.

कायदेशीर बाजू

व्हिसा: शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी निवासाचा पुरावा व किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो आहे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. खासगी घरी राहणार असल्यास काही देश यजमानाचे अधिकृत निमंत्रणपत्र मागतात; फ्रान्समध्ये ते स्थानिक नगरपालिकेकडून घ्यावे लागते. गृहविनिमयात यजमान स्वतः घरी नसतो, त्यामुळे हा प्रकार नेहमीच्या निमंत्रणाच्या चौकटीत सहज बसत नाही. अर्जासोबत विनिमयाचा करार व घराच्या मालकीचा पुरावा जोडता येतो, परंतु तो ग्राह्य धरण्याचा निर्णय संबंधित दूतावासाचा असतो. व्हिसा नाकारला गेल्यास दुसऱ्या कुटुंबाचाही बेत कोलमडतो. म्हणून करारात या शक्यतेचा उल्लेख करण्याची प्रथा आहे.

परदेशी पाहुण्यांची नोंद: भारतात परदेशी नागरिकाला निवास देणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे देणे बंधनकारक आहे. ही नोंद 'सी फॉर्म' या नावाने ओळखली जाते. हे बंधन हॉटेलांपुरते नसून मोबदला न घेता पाहुणा ठेवणाऱ्या खासगी घरांनाही लागू होते. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा रद्द करून आलेल्या २०२५ च्या आप्रवास व परदेशी नागरिक कायद्यातही निवास देणाऱ्यावरील ही जबाबदारी कायम आहे. एककालिक विनिमयात घरमालक परदेशी असताना पाहुणा भारतात पोहोचतो. अशा वेळी नोंदीची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

गृहनिर्माण संस्था: महाराष्ट्रातील सदनिकांचा कारभार १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालील गृहनिर्माण संस्थांकडून किंवा १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील संघांकडून चालतो. अनोळखी व्यक्ती सदनिकेत राहणार असल्यास अध्यक्ष-सचिवांना लेखी कळवण्याची अपेक्षा बहुतेक ठिकाणी असते. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यास देण्याचे आदेशही शहरांतून वेळोवेळी निघतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. विनिमयात भाडे नसले, तरी भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होत नाही असे करारात स्पष्ट लिहिले जाते.

विमा: भारतात राहत्या घराचा विमा उतरवण्याचे प्रमाण कमी आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध आहे. आग, पूर इत्यादींपासून घर व घरातील वस्तूंना तिच्यात संरक्षण मिळते. पाहुण्याकडून होणारी मोडतोड व घरफोडी यांचे संरक्षण मात्र स्वतंत्रपणे पाहावे लागते.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

घरांची अदलाबदल हा शब्द नवा असला, तरी दुसऱ्याच्या घरी राहून प्रवास करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत यात्रेकरू उतरत. उपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या कुळाची, गावाची व पूर्वी येऊन गेलेल्या पिढ्यांची नोंद असे. अनोळखी माणसाला घरात घेण्यासाठी लागणारा विश्वास या नोंदींतून मिळे. आजच्या संकेतस्थळांवरील पाहुण्यांचे अभिप्राय याच प्रकारचे काम करतात, मात्र तेथे कुळाची जागा व्यक्तीने घेतली आहे. पंढरीच्या वाटेवरील गावांत वारकऱ्यांना घराची ओसरी व जेवण देण्याची प्रथा आजही चालू आहे. नाशिकजवळील देवळालीत हवापालटासाठी येणाऱ्या कुटुंबांकरिता विविध समाजांनी आरोग्यभुवने बांधली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी जाणे हीच अनेक पिढ्यांची एकमेव सहल होती.

परदेशस्थ मराठी कुटुंबांमुळे या रीतीला नवे रूप आले. मुलाच्या किंवा मुलीच्या घरी अमेरिकेत, कॅनडात वा युरोपात काही महिने राहणारे आईवडील आणि डिसेंबरच्या सुट्टीत महाराष्ट्रातील घरी येणारी मुले-नातवंडे यांच्यातील व्यवहार हा एका अर्थी भिन्नकालिक गृहविनिमयच होय, परंतु त्याला कोणी तसे नाव देत नाही. अनेकदा हा मुक्काम बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना सांभाळण्यासाठी असतो व त्यात पर्यटनाचा वाटा थोडाच असतो. ज्यांची मुले परदेशी नाहीत, त्या निवृत्तांना हा मार्ग उपलब्ध नसतो. संघटित गृहविनिमयाचा उपयोग प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

नाशिक व इंदिरानगर

नाशिक हे मोठे धार्मिक पर्यटनस्थळ असले, तरी विदेशी पर्यटकांच्या नेहमीच्या मार्गात ते मुंबई, गोवा वा राजस्थानइतके येत नाही. त्यामुळे पॅरिस किंवा लंडनमधील घराशी थेट अदलाबदल जुळणे तुलनेने अवघड असते. दुसऱ्या बाजूने, त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी, गोदाकाठ व पंचवटी, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी गड आणि द्राक्षमळे व वाइननिर्मिती ही दीर्घ मुक्कामास पुरेल इतकी आकर्षणे शहराभोवती आहेत. मुंबई सुमारे १७० किलोमीटरवर असून ओझर येथे विमानतळ आहे.

इंदिरानगर ही शहराच्या दक्षिण भागातील, मुंबई-आग्रा महामार्गालगतची निवासी वसाहत आहे. वडाळा-पाथर्डी रस्ता, रथचक्र चौक, जॉगिंग ट्रॅक व महामार्गाखालील बोगदा या तिच्या परिचित खुणा आहेत. पांडवलेणी येथून जवळ आहेत. लहान बंगले, रो-हाउस व तीन-चार मजली अपार्टमेंट असे येथील घरांचे स्वरूप आहे. अशा वसाहतींतील घर पर्यटकाला हॉटेलच्या तुलनेत अधिक जागा, स्वयंपाकघर आणि रोजच्या शहरी जीवनाचा अनुभव देते. जुन्या नाशिकचे घाट व मंदिरे मात्र पायी जाण्याच्या अंतरावर नसल्याने रिक्षा किंवा स्वतःचे वाहन लागते.

हंगामाचा मेळ ही नाशिकपुरती महत्त्वाची अडचण आहे. युरोपातील शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नाशिकच्या ऐन पावसाळ्यात येते. महाराष्ट्रातील उन्हाळी सुट्टी मे महिन्यात असते, तेव्हा युरोपातील शाळा चालू असतात. नाशिकचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. त्यामुळे येथे एककालिक विनिमयापेक्षा भिन्नकालिक किंवा गुणाधारित विनिमय अधिक व्यवहार्य ठरतो. शाळेच्या वेळापत्रकातून मोकळे झालेले सेवानिवृत्त नागरिक दोन्ही बाजूंनी या पद्धतीस सर्वाधिक अनुकूल असतात. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ साली असून त्या काळात शहरातील निवासाची मागणी एरवीपेक्षा कितीतरी अधिक असते.

सामाजिक व सांस्कृतिक प्रश्न

परक्या कुटुंबाला घर देण्यातील संकोच प्रामुख्याने देवघर व स्वयंपाकघर यांविषयी असतो. नित्य पूजेचे काय करावयाचे, मांसाहार चालेल का, पादत्राणे कोठवर आणावयाची हे प्रश्न आधीच मोकळेपणाने ठरवले जातात. काही कुटुंबे एक खोली कुलूपबंद ठेवून तिच्यात देव्हारा व मौल्यवान वस्तू ठेवतात. दागिने व कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली जातात. शेजाऱ्यांची संमती औपचारिक परवानगीइतकीच महत्त्वाची असते, कारण मालकाच्या अनुपस्थितीत पाहुण्यांच्या अडचणी त्यांच्यापर्यंतच येतात. घरकाम करणाऱ्या स्त्रियांवर पडणारे जादा काम व त्याचा मोबदला यांचा विचार करारात अनेकदा राहून जातो.

घर बंद ठेवून महिनाभर जाणाऱ्यांना चोरीची भीती असते. घरात कोणीतरी राहत असल्याने ती कमी होते, असे या पद्धतीचे समर्थक सांगतात. पाहुणाही त्याच वेळी आपले घर यजमानाच्या स्वाधीन करून आलेला असतो, ही परस्पर जबाबदारी दोघांनाही सावध ठेवते. फ्रान्सेस्का फोर्नो व रोबेर्ता गारिबाल्दी यांनी इटलीतील गृहविनिमय करणाऱ्यांचा अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत अशा प्रवाशांमधील उच्च शिक्षण व अनोळखी माणसांवरील विश्वास यांकडे लक्ष वेधले आहे.

टीका

गृहविनिमयाचा लाभ घर असलेल्यांनाच मिळतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मालकाच्या संमतीवाचून त्यात भाग घेता येत नाही. प्रसिद्ध शहरांतील घरांना मागणी जास्त असल्याने लहान शहरांतील सभासदांना अधिक वाट पाहावी लागते. पारपत्रांतील विषमता हा भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत मोठा अडसर आहे. अमेरिकी नागरिक शेंगेन देशांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहू शकतो, तर भारतीय नागरिकाला प्रत्येक वेळी व्हिसाची खात्री होईपर्यंत दिलेला शब्द सशर्त ठेवावा लागतो. घरांची देवाणघेवाण समान असली, तरी दोन्ही कुटुंबांची प्रवासाची मोकळीक समान नसते. दूरच्या विमानप्रवासामुळे होणारे कार्बन उत्सर्जन या पद्धतीने कमी होत नाही. मात्र विनिमयात बहुधा राहती घरेच असल्यामुळे स्थानिकांसाठीची भाड्याची घरे पर्यटकांकडे वळण्याचा जो आक्षेप अल्पमुदतीच्या सशुल्क निवासावर घेतला जातो, तो येथे फारसा लागू होत नाही.

हे सुद्धा पहा

नाशिक
पर्यटन
न्याहारी व निवास योजना
कृषी पर्यटन
शेंगेन क्षेत्र
सिंहस्थ कुंभमेळा